डावा खांदा

तिने बंदूक डाव्या खांद्याला लावली तेव्हा त्याला आधी हसूच आलं. इतकी वर्षं बाई उजव्या खांद्यानं नेम धरत आली, आणि आज मध्येच हे काय खूळ. रविवारची सकाळ, गावाबाहेरची बंद पडलेली दगडखाण, खाणीच्या पोटात पत्र्याची शेड, शेडखाली फळ्यांचा लांबलचक ओटा आणि समोर मातीच्या बांधापुढे तारेला चिमट्यांनी लटकवलेली कागदी निशाणं. छर्ऱ्याच्या बंदुका चालवणाऱ्या हौशी लोकांचा हा अड्डा. आज दोघंच होते, बाकीच्यांना थंडी वाजली असावी. ती त्याच्या डावीकडे उभी होती. ही जागा ठरलेली, लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनची. उजव्या खांद्याला दस्ता लावला की माणूस उजवीकडे तोंड करून तिरका उभा राहतो, मान तेवढी निशाणाकडे वळवतो. म्हणजे नेम धरताना ती कायम त्याच्या समोर यायची. मिटलेला डावा डोळा, दस्त्यावर चेपलेला गाल, श्वास रोखला की जरासा वर चढणारा खालचा ओठ. हे सगळं त्याला पाठ होतं. आज ती उलटी फिरली आणि त्याच्या वाट्याला नुसती पाठ आली. स्वेटरची वीण, मानेवरचा अंबाडा, कानामागे अडकलेली चष्म्याची काडी. काडी त्यानेच वाकवून बसवलेली, दिवाणखान्यातल्या गेल्या भांडणात ती उशीखाली गेली होती तेव्हा.

त्याला वाटलं, खेळी आहे. तिची खेळी बाकी होती ना.

त्यांच्या घरात हे असंच चालायचं. एकदा याने टर उडवायची, मग तिने. बाजारपेठेच्या टोकाला त्याचं चष्म्याचं दुकान, आणि सगळी पेठ त्याला चष्मेवाला म्हणे. बायकोसुद्धा, चिडली की. हा गडी असा, की सासूबाईंना नवा चष्मा करून दिला तो गुलाबी काचांचा, आणि ती माउली महिनाभर सांगत फिरली की जावयाच्या हातात जादू आहे, लेकीच्या घरी सगळं कसं प्रसन्न दिसतं. तीही काही कमी नव्हती. मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोनवर बसायची, आवाज काढण्यात पटाईत. एकदा जाड्याभरड्या पुरुषी आवाजात दुकानात फोन केला, 'दोन डझन चष्मे हवेत, एकाच काचेचे, आमच्याकडे सगळे एका डोळ्याचे आहेत,' आणि याने अर्धी दुपार घाऊक व्यापाऱ्याशी हुज्जत घालण्यात घालवली. मूलबाळ झालं नाही. त्याची हळहळ दोघांनी किती केली आणि किती हसण्यावारी नेली, याचा हिशेब कोणी लावला नाही. पण घर कधी गप्प नव्हतं. बंदुकीचा नाद मूळचा त्याचा. लग्नानंतर पहिल्याच रविवारी तो तिला सायकलच्या दांडीवर बसवून इथं घेऊन आला, तेव्हा त्याची आई म्हणाली होती, "अरे, सून आणलीस की पहारेकरी?" तिचा पहिला छर्रा इथली राखण करणाऱ्या सुभेदाराच्या चहाच्या किटलीत गेला. भोक बुजवलेली ती किटली अजून आहे, सुभेदारही आहे. दुसऱ्या महिन्यापासून मात्र ती त्याला हरवायला लागली. हरेल त्याने पुढच्या रविवारपर्यंत भांडी घासायची, असा कायदा झाला, आणि चष्मेवाल्याच्या बोटांना वर्षानुवर्षं भांड्याच्या साबणाचा वास येत राहिला. गिऱ्हाईकं विचारायची, हे काय नवीन अत्तर लावता का?

आणि गेल्या वर्षी तो जिंकायला लागला.

हे आठवलं तेव्हा ती अजून नेमच धरून होती. गेल्या वर्षी तो जिंकायला लागला, आणि कोंबड्याच्या चालीनं पेठेत फिरला. तिचे छर्रे डावीकडे उजवीकडे जायला लागले, कधी कागदाच्या बाहेर. तो म्हणाला, "वय झालं तुझं." तो म्हणाला, "भांडी नीट घास, कढईला खरकटं राहिलंय." राहायचंच खरकटं. चमच्यांनाही काहीतरी चिकटलेलं असायचं, आणि त्याला वाटायचं, ही सूड उगवते आहे. तो खूश होता. इतका खूश, की आपला हात अचानक एवढा कसा सुधारला असा प्रश्न त्याला एकदाही पडला नाही.

फट्‌ झालं. तिने बंदुकीची नळी मधून खाली वाकवली, छर्रा भरला, पुन्हा डाव्या खांद्याला लावली. फट्‌. आणखी एक. घाई नाही, गडबड नाही. गंमत म्हणून डाव्या हातानं लिहायला घेतलं तर अक्षर जसं झोकांड्या खातं तसं काहीच नाही. सुभेदार बांधाकडून तिचा कागद घेऊन आला आणि ओट्यावर ठेवला. मधल्या काळ्या ठिपक्यात भोकं एकमेकांना चिकटून बसली होती, पावसात आडोशाला माणसं उभी राहतात तशी.

"बसला बघा हात," सुभेदार म्हणाला. "वहिनी, बुधवारी बुधवारी घाम गाळलात त्याचं चीज झालं."

"बुधवारी?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" सुभेदार हसला. "उन्हाळ्यापासून येतायत की. मी म्हटलं, वहिनी, या वयात खांदा बदलायचा म्हणजे घर बदलण्यासारखं आहे. तर म्हणतात, घर तेच आहे, खिडकी बदलतेय."

आणि चहा ठेवायला तो आत गेला. बुधवारी तिची उशिराची पाळी असायची. निदान ती तसं सांगायची. बुधवारी तो दुकानातून आला की स्वतः अंडी उकडून खायचा आणि तिच्या उशीत काहीतरी लपवून ठेवायचा.

घर तेच आहे, खिडकी बदलतेय. पायरी नसताना चुकून पाय खाली टाकावा तसं त्याला झालं. ती डब्यातले छर्रे मोजल्यासारखे निवडत होती, त्याच्याकडे तिची उजवी बाजू. त्याने आपला सगळ्यात वाईट चेहरा केला. माकडाचा. गाल फुगवून, कान ओढून, जीभ नाकाला. या चेहऱ्यावर तिने लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी आपल्या वडिलांसमोर फिस्स करून हसून अख्खी बैठक धोक्यात आणली होती. इथं ती नेम धरत असतानाही तो हे करायचा, तिचा छर्रा चुकावा म्हणून, आणि ती डोळा न हलवता म्हणायची, "माकडा, बघतेय मी." गेलं वर्षभर ती हे म्हणाली नव्हती. त्याला वाटलं होतं, एकाग्रता वाढली.

ती छर्रे निवडत राहिली.

मग त्याने ते केलं जे तो दिवसातून कितीतरी वेळा दुकानात करतो. हात तिच्या उजव्या कानाच्या बाजूला नेला आणि बोटं हलवली. हळूहळू पुढे आणली. गिऱ्हाईक इथं म्हणतं, दिसली. इथं तरी म्हणतंच. बोटं तिच्या गालाच्या रेषेपर्यंत आली, चष्म्याच्या काचेच्या इतकी जवळ की आपल्याच बोटांची पुसट सावली काचेत हललेली त्याला दिसली. ती म्हणाली, "डबा बदलायला हवा, झाकण घट्ट झालंय," आणि झाकण शोधायला उजवा हात ओट्यावर फिरवला. झाकण तिथंच होतं, तिच्या करंगळीपासून चार बोटांवर. हात आधी पुढे गेला, मग मागे आला, मग सापडलं. त्याचा हात हवेतच राहिला. तो मागे घ्यायचा असतो हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

मग सगळं एकदम आलं. आठवणी अशा आल्या, जणू वर्षभर दाराबाहेर तिष्ठत उभ्या होत्या आणि कडी आत्ता निघाली. चहा कपात ओतताना बशीत सांडणारी ती. "बशीलाही तहान लागते," तो म्हणाला होता. सिनेमाला गेल्यावर नेहमीच्या खुर्च्या सोडून त्याला डावीकडे बसायला लावणारी ती. जिन्याच्या वळणावर चौकटीला खांदा घासणारी, रस्ता ओलांडताना त्याचा दंड इतका घट्ट धरणारी, की तो पेठेत मिरवत म्हणाला, बघा, या वयात बायको हात धरून चालते. सुईत दोरा ओवायला त्याच्याकडे आणून देणारी, आणि याने दोरा ओवायच्या आधी सुईचं नेढं वितळलेल्या मेणानं बुजवून परत दिलेलं. ती किती वेळ ओवत बसली होती. खिडकीपाशी, दिव्याखाली, परत खिडकीपाशी. तो दाराआडून बघत होता. पोट धरून.

आणि तक्ता. दुकानातल्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. त्याच्या सगळ्यात खालच्या ओळीत त्याने स्वतःच्या हातानं मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हे वाचलंत तर चष्मा कशाला.' ज्यांना वाचता येई ते हसायचे, आणि त्या हसण्यावरून त्याला नंबर कळायचा. तो तक्ता तीच पुसायची, सुट्टीच्या दिवशी, ओल्या फडक्यानं. वरपासून खालपर्यंत तिला तोंडपाठ. तिच्या वाढदिवसाला दरवर्षी तो तिचे डोळे तपासायचा, तक्त्यापुढे उभी करून. घरच्या माणसाला कोण मशीनवर बसवतं. या वर्षी त्याने आदल्या संध्याकाळी खालच्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं, 'आज जेवण बाहेर.' आधी डावा डोळा झाकला. उजव्यानं ती वाचत गेली, घडाघडा, शाळेतल्या पाढ्यासारखी, आणि शेवटी म्हणाली, "हे वाचलंत तर चष्मा कशाला." तो हसून हसून काउंटरवर पडला. त्याला वाटलं, हिने पट्टी बघितली आणि मुद्दाम जुनं वाचलं, आपला डाव आपल्याच अंगावर उलटवला. काय बाई आहे. मग उजवा झाकला. डाव्यानं ती खालपर्यंत आली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग हळू म्हणाली, "आज जेवण बाहेर." आणि त्याच्याकडे बघत राहिली, मान वाकडी करून, जसं कोणी दाराची बेल वाजवून उभं राहतं. तो डोळे पुसत म्हणाला होता, "जिंकलीस. मानलं तुला."

दुकानाच्या दारात पाटी आहे. त्यानेच लावलेली, औषध कंपनीकडून फुकट आलेली. 'काचबिंदू चोरपावलांनी येतो. दरवर्षी डोळे तपासा.' पाटीवर डोळ्याचं चित्र आहे. त्या डोळ्याला त्याने मिशा काढल्या आहेत.

"तुझा नेम," ती म्हणाली. "किती वेळ?"

त्याने आपली बंदूक ओट्यावर बाजूला सरकवली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"उजवा."

ती वळली. नुसती मान नाही, खांद्यापासून सगळी, पक्षी वळतो तशी, डावा डोळा त्याच्यावर येईपर्यंत. तिने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकानं पुसला. उजवी काचही पुसली. नीट, कोपऱ्यांपर्यंत.

"गेल्या थंडीत कमी व्हायला लागलं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात गेलंच. आमच्याच हॉस्पिटलात दाखवलं. डोळ्यात दाब वाढलेला, कळायला उशीर झाला म्हणाले. ते काही परत येणार नाही."

"काचबिंदू."

"तुलाच ठाऊक नाव. तुझ्या दारावर लिहिलंय."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की."

"कधी?"

"भोपळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

भोपळा त्याला लगेच आठवला. विक्रीला फिरणाऱ्या माणसानं नमुना म्हणून काचेचे डोळे आणून दिले होते, दोन. ते त्याने लाल भोपळ्यात खोचून भोपळा फ्रीजमध्ये ठेवला, दारासमोर तोंड करून. सकाळी तिने फ्रीज उघडला आणि हातातलं दुधाचं पातेलं सोडून दिलं. त्याची आजवरची सर्वोत्तम खेळी. म्हणजे पुढची तिची. दुसऱ्या दिवशी तो दाढी करत होता, अर्धा गाल साबणात, आणि ती मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. हात चौकटीवर होता. तिने साध्या आवाजात म्हटलं होतं, "ऐक ना. मला उजव्या डोळ्यानं दिसत नाहीये." फोनवर ती जो आवाज काढायची त्यातला एकही नव्हता तो. आणि हा आरशातून म्हणाला, "मग भोपळ्याचा घे एक. उसना."

तिने काय केलं होतं तेव्हा? हसली होती का? त्याला आरशात आपलाच गाल दिसत होता. वस्तरा. फेस. आरशाच्या कडेला तिचा हात, चौकटीवर, आणि मग नुसती चौकट. एवढंच आठवत होतं. तो पुन्हा पुन्हा त्या मोरीत गेला, पुन्हा पुन्हा आरशापुढे उभा राहिला, आणि दर वेळी आरशात आपलाच गाल.

"नंतर परत का नाही..." तो म्हणाला.

"परत सांगितलं असतं तर परत काहीतरी म्हणाला असतास. चांगलंच म्हणाला असतास, मला हसू आलं असतं." तिने चष्मा चढवला. "मग म्हटलं, वाढदिवसाला तक्ता आहेच, तेव्हा धरेल. एवढा नंबर काढणारा माणूस."

"मला वाटलं..."

"माहितीये काय वाटलं. मला राग नाही हं. आपण असेच आहोत." तिने बंदुकीच्या दस्त्यावरून हात फिरवला, मांजरावरून फिरवावा तसा. "मला रविवार सोडायचे नव्हते. म्हणून बुधवारी यायला लागले. आणि तुला जिंकायची सवय लागत चालली होती, तीही मोडायची होती."

सुभेदार चहाचे पेले ठेवून गेला. पेल्यातून वाफ येत होती. चष्मेवाल्यानं पेला उचलला आणि पुन्हा ठेवला. दुसऱ्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून मारून त्याचं आयुष्य गेलं होतं. पेठेतल्या भाजीवालीला त्यानेच सांगितलं होतं, मावशी, डाव्या डोळ्याचं मोठ्या डॉक्टरांना दाखवा, आज दाखवा. पोस्टमनला सांगितलं होतं. ज्याच्याशी बोलणं नव्हतं त्या शेजारच्या घड्याळजीला रस्त्यात थांबवून सांगितलं होतं. आणि रोज सकाळी तो जिच्या समोर उठतो, तिचा एक डोळा मालवला, वात मालवावी तसा, आणि हा दाराआडून सुईचा दोरा बघत हसत होता.

"आणि डावा?" त्याने विचारलं.

"त्याच्यातही दाब आहे. थेंब घालते, बंदुकीच्या पिशवीत ठेवते बाटली. घरात ठेवली असती तर तू त्याच्यात काय घातलं असतंस, देव जाणे." ती हसत म्हणाली. त्याला हसू आलं नाही, कारण ते खरं होतं. "थेंबांनी भागत नाहीये. मंगळवारी ऑपरेशन आहे. ते झालं नीट तर आहे तेवढं राहील. नाहीतर..." तिने खांदे उडवले. "भाऊ येतोय सोबत. त्याने रजा टाकलीय."

तिचा भाऊ. गावातला सगळ्यात रटाळ माणूस. लग्नात मंगलाष्टकांऐवजी त्याची जांभई सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्याला ठाऊक होतं. त्याला सांगितलं होतं, आणि त्याने फक्त म्हटलं असणार, बरं, कधी यायचं?

"मी येतो," चष्मेवाला म्हणाला.

"तू?"

"मग कोण. नवरा आहे मी."

"अहो," ती म्हणाली. घरात ती त्याला अहो म्हणायची ती फक्त चेष्टेत नाहीतर फार गंभीर झाली की, आणि आता यातलं कोणतं, ते त्याला कळेना. "डोळा उघडा ठेवून पडायचंय. भूल फक्त डोळ्याला. अजिबात हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर नाहीच, असं बजावून सांगितलंय. तुम्ही बाहेर बाकावर बसणार. काचेच्या दारातून माकडाचा चेहरा करणार. मला तो दिसणारही नाही, पण बाहेर तुम्ही आहात एवढं माहीत असलं तरी मला हसू येईल. आणि मग?"

"नाही करणार."

"तुम्ही नाही केलंत तरी मी वाट बघेन. तेच तर."

"शपथ. तुझी शपथ."

"माझी शपथ तुम्ही त्या गुलाबी काचांच्या वेळीही घेतली होती. आईपुढे."

तो बोलायला गेला. आयुष्यभर ज्या तोंडानं तिला एकही खरी गोष्ट सरळ सांगितली नाही, ते तोंड उघडलं आणि त्यातून शब्दच येईनात. हनुवटी थरथरायला लागली. त्याने ओठ दाबले तर थरथर नाकात चढली. डोळ्यांतून पाणी आलं, गालावरून उतरून मिशीत गेलं, आणि त्याने ते पुसलं नाही, कारण पुसलं तर ते नाटकातल्यासारखं दिसेल असं वाटलं. आणि न पुसलेलंही तसंच दिसत होतं. वडील गेले तेव्हाही तो असाच रडला होता, आणि तिला खोटंच सांगितलं होतं की डोळ्यात कांदा पिळलाय, आणि ती त्याच्या पाठीवर हात मारून हसली होती. त्या कांद्याची आठवण त्याला आत्ता झाली, आणि बहुतेक तिलाही.

"बरं जमलंय," ती म्हणाली. "पाणी कुठून काढलंस?"

त्याने नकाराची मान हलवली.

"सुभेदारांना सामील करून घेतलंयस का? चहात मिरची टाकलीय?"

त्याने पुन्हा मान हलवली. तिने त्याचा पेला उचलून हुंगला, खाली ठेवला. मग ती सगळी वळली, खांद्यापासून, तिचा डावा डोळा सरळ त्याच्यावर येईपर्यंत. उजवाही त्याच्याकडेच होता, स्वच्छ, ओलसर, काचेमागे नीट बसवलेला. तिने श्वास रोखला. खालचा ओठ जरासा वर चढला. या चेहऱ्याला तो वर्षानुवर्षं शेजारून बघत आला होता; समोरून, बांधापुढच्या कागदाला तो कसा दिसत असेल, ते त्याला आज कळत होतं. ती वाट बघत होती, तो कधी हसतोय याची.

तो हसला नाही.

ती थांबून होती.